दोन इंच खाली

"गाडीत माणसं किती बसत्यात?" शरणबसप्पानं गाडीखालून विचारलं.

वर दोघं उभी होती, संघप्रिया सिस्टर आणि त्यांचे यजमान प्रेमानंद गुरुजी. उत्तर दोघांनी एकदमच दिलं. गुरुजी म्हणाले "पाच" आणि सिस्टर म्हणाल्या "दोन."

शरणबसप्पा सरपटत बाहेर आला, हात फडक्याला पुसले आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"ही गाडी म्या वळखतो, सिस्टर. मागल्या बाजारी ह्यातनं बाया उतरताना बगितल्यात. उतरायच्या थांबतच नव्हत्या. शेवटचीच्या काखंत कोंबडी व्हती."

"ती कोंबडी आमची नव्हती," गुरुजी म्हणाले.

नळदुर्गात हायवेच्या कडेला शरणबसप्पाचं दुकान आहे. काम ट्रकच्या कमानपाट्यांचं, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगांचं. ट्रक दारात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, माल किती भरता? रिकाम्या गाडीची उंची हा माणूस मोजतच नाही. त्याच्या मते रिकामी गाडी ही गाडीच नव्हे. अशा माणसाकडं सिस्टर आपली जुनी पांढरी कॉन्टेसा घेऊन आल्या होत्या, आणि मागणं काय, तर गाडी खाली बसवून द्या. दिसायला चांगली दिसावी म्हणून.

तसं पाहिलं तर मागणं वेडेपणाचंच होतं. सिस्टर जळकोटला सरकारी नर्स. रिटायर व्हायला महिनाही उरला नव्हता. या वयात बायका गुडघ्यांचं तेल बदलतात, गाडीच्या स्प्रिंगा बदलत नाहीत. पण या गाडीचं त्यांच्या मनात फार जुनं घर होतं. सोलापुरात नर्सिंग शिकत असताना हॉस्पिटलच्या दारात त्यांनी अशीच एक काळी कॉन्टेसा पाहिली होती. लांबलचक, रस्त्याला लागून, निवांत. तिच्याकडं बघत राहिल्यामुळं ड्यूटीला उशीर झाला आणि मेट्रननं सगळ्यांसमोर झापलं. झापल्याचं त्या विसरल्या, गाडी विसरल्या नाहीत.

पुढं पगार बरा झाल्यावर सगळे सांगत होते की नवी छोटी गाडी घ्या, ॲव्हरेज देईल. सिस्टरनी एका ठेकेदाराकडून ही जुनी कॉन्टेसा घेतली. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "मम्मी, याला मसल कार म्हणतात." गुरुजी म्हणाले, "याला पेट्रोल पिणं म्हणतात." आणि गाडी दारात आली. पण ठेकेदारानं तिला खडीच्या खाणीवर न्यायची म्हणून जाड, उंच स्प्रिंगा घातल्या होत्या. त्यामुळं ती लुगडं वर धरून ओढा ओलांडणाऱ्या बाईसारखी दिसायची. स्प्रिंगा बदलू, असं सिस्टर दर वर्षी म्हणायच्या आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. लेकीची फी, घराचा स्लॅब, गुरुजींचा मोतीबिंदू.

तोवर त्या उंच गाडीची गावाला सवय झाली. अडलेली बाळंतीण असो, बाजार असो, कुणाच्या पोराची परीक्षा असो. गाडी सिस्टरची, पण तीत कोण बसणार हे गाव ठरवायचं. सिस्टरनी कधी कुरकुर केली नाही, कारण त्यांना ते आवडायचंही. मात्र निरोपाचा कार्यक्रम नळदुर्गला ठरला तेव्हा त्यांनी मनाशी एक गोष्ट धरली. त्या दिवशी जायचं ते ही गाडी जशी दिसायला हवी तशी घेऊन. जन्मभर सगळं उपयोगाचंच केलेल्या बाईला एक बिनउपयोगाची हौस एवढी तीव्र असू शकते, हे गुरुजींनाही आत्ता कळत होतं.

"पुण्याला स्प्रिंगांचा तयार सेट मिळतो म्हणे," गुरुजी म्हणाले. त्याची किंमत ऐकल्यापासून ते त्याचं नाव फक्त हळू आवाजात घेत असत.

"त्यो ऱ्हाऊ द्या," शरणबसप्पा म्हणाला. "आनि त्या वेल्डिंगवाल्या पोरांकडं जाऊन हीच स्प्रिंग गॅसनं कापून बी आनू नका. तापली की स्प्रिंगचा जीव जातोय. आज खाली बसती, म्हैन्यानं आनखी बसती, मग बसूनच ऱ्हाती."

"मग हीच ग्राइंडरनं कापली तर?" गुरुजींनी विचारलं.

"कापता येतीया. पर ही हाय जाड. कापली की आनखी कडक व्हनार. गाडी दिसंल भारी, चालंल ट्रॅक्टरवानी." त्यानं जमिनीवर खडूनं दोन रेघा ओढल्या, एक वर, एक खाली. "सोलापुरात नव्या वळून घेऊ. तुमच्या पैशात बसतंय. पर एकदाच. पुन्ना बदला म्हनलात तर न्हाय जमायचं. म्हनून इचारतो, माणसं किती? भरल्या गाडीचं माप धरलं तर रिकामी गाडी उंचच दिसनार. दोघांचं धरलं तर दिसंल अशी की लोक वळून बगतील. पर बाया भरल्या की पोट रस्त्याला लागंल. दोनी हौस एका स्प्रिंगीत भागत न्हाईत."

सिस्टर त्या दोन रेघांकडं बघत राहिल्या. दोघांचं माप म्हणजे गावाला नाही म्हणणं होतं, तेही जाताजाता, शेवटच्या महिन्यात. एवढी साधी गोष्ट त्यांना समजत नव्हती असं नाही.

"भरल्या गाडीचं सांग," गुरुजी सिस्टरना हळूच म्हणाले.

"दोघांचं," सिस्टर म्हणाल्या. "आणि दोन इंच खाली."

परतताना गाडीत गुरुजींनी विचारलं, "दोघांत मी आहे ना?"

"आहात. गप्प बसलात तर."

बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती. संध्याकाळी शेजारच्या नागूबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, तीन नातवंडं सिस्टरच्या हातावर झालेली. त्यांना आडपडदा ठाऊक नाही. ओट्यावर बसल्याबसल्याच म्हणाल्या, "सिस्टर, गाडी खाली करायलाव म्हनं. मग आता आमाला न्हाय बसवायचं व्हय?"

काही कारण सांगता आलं असतं. टायर झिजतात, पेट्रोल लागतं. सिस्टरच्या तोंडावर आलंही होतं. पण ज्या बाईला आपण नेहमी खरं सांगत आलो तिच्याशी खोटं बोलवेना.

"मावशी, मला ती तशी बघायची आहे. लई वर्षांपासून. बाकी काही कारण नाही."

"तुमची गाडी हाय," नागूबाई म्हणाल्या. "तुमी कशी बी करा." आणि चहा न घेता उठून गेल्या. त्या ओट्यावरून चहा न घेता नागूबाई उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पुढचे तीन दिवस सिस्टरचं कशात लक्ष लागेना. एका म्हाताऱ्याला त्यांनी एकच गोळी दोनदा समजावून सांगितली. तो म्हणाला, "कळलं हो, मी काय बहिरा न्हाय." तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शरणबसप्पाला फोन लावला आणि भरल्या गाडीचं माप धरा म्हणाल्या.

"आता कसलं माप?" तिकडून आवाज आला. "स्प्रिंगा वळून झाल्या, रंग बी मारला. पिवळा. लई झ्याक दिसायल्यात."

सिस्टरनी फोन ठेवला. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून लाज वाटली.

गाडी तयार झाली त्या दिवशी मात्र लाजबीज काही शिल्लक राहिली नाही. शरणबसप्पानं ती दुकानासमोर उन्हात आणून लावली होती. लांब पांढरं बॉनेट, चाकांवर नीट आलेली कमान, खाली रस्त्याला टेकल्यासारखी बॉडी. सिस्टर तिच्याभोवती एकदा फिरल्या, पुन्हा फिरल्या. दोन ट्रकवाले चहाचे कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. एकानं विचारलं, "किसकी है?"

"माझी," सिस्टर म्हणाल्या. हा शब्द इतक्या मोठ्यानं त्यांनी आयुष्यात क्वचितच उच्चारला असेल.

गाडी चालतही इतकी मऊ होती की गावाला पोचेपर्यंत गुरुजींना झोप लागली.

पण त्यानंतर दाराशी कुणी आलं नाही. बाजाराच्या दिवशी नेहमीच्या बायका पिशव्या घेऊन एसटीची वाट बघत उभ्या होत्या. सिस्टरनी गाडी हळू केली, काच खाली घेतली. "जावा, जावा सिस्टर," बायका हात हलवून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मागची रुंद सीट आरशात रिकामी दिसत होती. एवढी मोठी सीट आहे हे सिस्टरना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. हौस पुरी झाली होती आणि ती कुणाला दाखवायची, हे समजत नव्हतं. गुरुजी म्हणाले, "विकून टाकायची का?" त्यावर सिस्टरनी त्यांच्याकडं असं पाहिलं की तो विषय तिथंच मिटला.

निरोपाचा दिवस उजाडला. गुरुजींनी सकाळी गाडी स्वतः धुतली. सिस्टर मोरपंखी साडी नेसून, केसांत गजरा माळून दारात आल्या आणि थांबल्या. गाडीपाशी नागूबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागं चार बायका, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्या-साड्यांत. एकीच्या हातात हार, एकीच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

"आमी बी येतो," नागूबाई म्हणाल्या.

"मावशी, या ना. मला तर... पण गाडी घासंल हो. बसायला जागा आहे, पण ती रस्त्याला लागंल."

"घासंल तितं उतरू," नागूबाई म्हणाल्या आणि दार उघडून बसल्याही.

मागं चौघी दाटीवाटीनं बसल्या. पुढं गुरुजी दाराला चिकटून, मध्ये नागूबाई. गाडी केवढी तरी खाली गेली. आता आमच्याकडच्या गावातून बाहेर पडायचं म्हणजे गतिरोधकांची रांग ओलांडायची. ज्याच्या दारासमोर पोरंबाळं खेळतात तो आपल्यापुरता एक सिमेंटचा उंचवटा करून घेतो, आणि शेजाऱ्याचा आपल्यापेक्षा मोठा दिसला की त्यावर आणखी एक थर देतो.

पहिल्याच उंचवट्यापाशी सिस्टरनी ब्रेक लावला. काही बोलायच्या आत मागची दोन्ही दारं उघडली. बायका उतरल्या, पदर सावरून चालत पलीकडं गेल्या.

"तुमी बी उतरा गुरुजी," नागूबाई म्हणाल्या. "तुमचं बी वजन हाय की."

गुरुजी उतरले, त्यांच्यामागून नागूबाईही. गाडी अलगद पलीकडं गेली. सगळे पुन्हा बसले. दुसरा उंचवटा आला, पुन्हा दारं उघडली. तिसऱ्याला तर कुणी कुणाला सांगायची गरजही उरली नाही. हॉटेलात बसलेली माणसं चहा सोडून बाहेर आली. कुणीतरी हसून म्हणालं, "मावशी, पायीच गेला असता तर लवकर पोचला असता."

"गप रं," नागूबाई म्हणाल्या. "चढ आला की बैलांसाटी उतरत व्हतो आमी गाडीतनं. सिस्टरसाटी उतरायला काय झालं?"

आणि मग बसताबसता सिस्टरच्या हातावर हात ठेवून, जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिशी च्या घेतला न्हाय, ते चुकलंच माजं. तुमाला कदी काय पायजे असतं, हे ठावंच नव्हतं आमाला."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते येऊ दिलं. गजरा, साडी, कार्यक्रमाचे फोटो, कशाचीही पर्वा केली नाही.

शाळेपाशी शेवटचा उंचवटा होता, सगळ्यांत मोठा. सगळे उतरले. समोरून पाण्याचा टँकर आला आणि रस्त्यात उभ्या बायका बघून त्यानं जोरात हॉर्न दिला. नागूबाई सावकाश त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एक हात वर केला.

"थांब जरा. सिस्टरची गाडी जाऊ दी."

सिस्टरनी पहिला गिअर टाकला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. पांढरी लांब गाडी उंचवट्यावरून पाण्यावरून जावी तशी कुठंही न लागता पलीकडं गेली आणि पन्नासेक पावलांवर जाऊन थांबली. आरशातून बायका येताना दिसत होत्या, बोलत, हसत, एकीचा हार दुसरीच्या हातात. घाई कुणालाच नव्हती. मागून गुरुजी लाडवांचा डबा सांभाळत चालत होते.

टँकरवाल्यानं इंजिन बंद केलं होतं. सगळे बसून शेवटचं दार लागेपर्यंत त्यानं ते पुन्हा चालू केलं नाही.