पाण्याच्या आवाजाआड

दयानंदनं चपला काढून काखेत धरल्या आणि ओढ्यात पाय घातला.

"शेवाळ हाय तिथं! डावीकडून जावा!" सिंधू मागून ओरडली.

तो सरळच गेला. मधल्या दगडावर पाय घसरला, एक हात हवेत गेला आणि कमरेत वाकून त्यानं स्वतःला सावरलं. पलीकडच्या काठावर पोचल्यावर त्यानं वळून पाहिलं. सिंधू डावीकडून, पाण्याखालची वाळू दिसत होती तिथून, साडी घोट्याच्या वर धरून सावकाश येत होती.

"कवाची ओरडून राहिले मी," जवळ आल्यावर ती म्हणाली.

"मागून मला कसं कळणार?" तो म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी त्यानं घेतली.

काठावरच्या मोहाखाली एक बाई तीन दगडांच्या चुलीवर मक्याची कणसं भाजत होती. रविवारी किनवटहून, नांदेडहून पोरं धबधब्यावर येतात, त्यांच्यासाठी. एवढ्या सकाळी दुसरं कुणी आलं नव्हतं. तिनं आपलं नाव कस्तुराबाई सांगितलं, दोघांना दगडावर बसवलं आणि निखाऱ्यावर कणीस फिरवत विचारलं,

"वर पोरं जातेत फोटू काढायला. तुम्ही कुठं चाल्लाव? नवीन लगीन झालंय का?"

सिंधू ते मोठ्यानं नवऱ्याला सांगणार, तेवढ्यात तोच हसला.

"नवीनच हाय. नातू दुसरीत हाय आता."

"मग जावा की! पर कडेच्या खडकावर जाऊ नका. औंदा पाणी लई हाय. माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत न्हाई तिथं."

"म्हणजे सगळे माझ्यासारखेच," दयानंद म्हणाला आणि कणसाला मीठ-लिंबू चोळू लागला.

सिंधूनं मोबाईल काढून पाहिला. रेंज नव्हती. लातूरला राहणाऱ्या मुलीचा, मंजुश्रीचा, दुपारी फोन येणार होता. तिच्या खालच्या मजल्यावरचं घर रिकामं झालं होतं आणि घरमालकाला आजच हो किंवा नाही कळवायचं होतं. मुदखेडचं घर बंद करून आई-बाबांनी तिथं यावं, असं मंजुश्री बरेच दिवस म्हणत होती. दयानंदला फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळं घरातलं फोनवरचं सगळं बोलणं सिंधूच करायची. तिनं त्याला विचारलं, त्यानं मान हलवली, आणि तिनं मंजुश्रीला सांगितलं, "बाबांना चालतंय." आईला चालतंय का, हे मंजुश्रीनं विचारलं नाही. लातूर म्हणजे आईचं माहेर. तिथं विचारण्यासारखं काही आहे, असं कुणालाच वाटलं नव्हतं.

जायच्या आधी घागरदऱ्याचा धबधबा एकदा पाहून येऊ, असं दयानंदच म्हणाला होता. म्हणून दोघं सकाळच्या गाडीनं आले होते.

ओढ्यानंतर वाट सागाच्या रानात शिरली. पावसानं सागाची पानं सुपाएवढी झाली होती. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला काळ्या खडकाचे आडवे थर, एकावर एक घड्या घालून ठेवल्यासारखे. सिंधू जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. असे थर दिसले की लाव्हा कसा थंड झाला हे सांगायला तिचा हात अजून आपोआप वर व्हायचा. दयानंद पुढं चालत होता. दर काही पावलांनी तो थांबून मागं बघायचा, तिच्या तोंडाकडं पाहायचा आणि पुन्हा चालू लागायचा. आपण मागं तर पडत नाही ना, हे तो बघतो, असं तिला वाटत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात ती इथं आली होती. तेव्हा इथली रेल्वे छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज होती, आणि दयानंद कोळशाच्या इंजिनावर फायरमन. सुट्टीच्या दिवशी आपल्याच गाडीतून, पण डब्यात बसून, तो बायकोला घेऊन आला होता. इंजिनातून त्याच्या उस्तादानं, म्हणजे ड्रायव्हरनं, मुद्दाम एक लांब शिट्टी दिली होती आणि ती लाजून खिडकीपासून सरकली होती. धबधब्याखाली तिनं औषधाची रिकामी बाटली विसळून पाण्यानं भरली. तो बघतच राहिला.

"लोक तीर्थ नेतात. तू काय नेऊन राहिलीस?"

"नमुना. पाणी जड हाय का मऊ, शाळेत बघीन."

पुढं वर्षभर तो तिला घरात नमुनाच म्हणायचा. पाणी मऊ निघालं होतं. साबणाचा फेस परीक्षानळीच्या तोंडापर्यंत आला होता आणि ती संध्याकाळी ते सांगायला इतक्या घाईनं घरी आली होती, की शाळेत छत्री विसरली. तो ड्यूटीवरून आला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. तिनं फेसाचं सांगितलं, तसा तो म्हणाला होता, "मग त्याच पाण्यानं धुवायला पाहिजे होते."

आवाज आधी पायांना कळला, मग छातीला. सागाची झाडं संपली आणि समोर दरीच्या पोटातून पाणी खाली येताना दिसलं. वरच्या थरावर ते पातळ पसरलेलं होतं, मधे एका कोपऱ्यात गोळा होत होतं आणि तिथून एकदम सुटत होतं. खालचा डोह पांढरा झाला होता. धबधबा तिच्या आठवणीपेक्षा लहान नव्हता. तिला त्याचं बरं वाटलं.

दोघं ओल्या खडकापासून लांब, एका सपाट दगडावर बसले. दयानंद काहीतरी म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. तिनं मान हलवली, तो हसला. मग तो पाण्याकडं बघत राहिला आणि ती त्याच्याकडं.

घरी तिला एक सवय लागली होती. त्याला मोठ्यानं सांगायचं ते सांगून झालं, की उरलेलं ती हळू आवाजात बोलत राहायची, कणीक मळताना, कपड्यांच्या घड्या घालताना. तो समोर असायचा, म्हणजे ते स्वतःशी बोलणं नव्हतं, आणि त्याला ऐकू जायचं नाही, म्हणजे भांडणही नव्हतं. इथं तर तिचा आवाज तिलाच येत नव्हता.

"मला न्हाई यायचं लातूरला," ती म्हणाली.

म्हटल्यावर तिला थांबता येईना.

"माहेर म्हणं. आई न्हाई, बाप न्हाई, कशाचं माहेर? मुदखेडात भाजीवाली माझ्या हाताखाली शिकलीय. बँकेतला पोरगा शिकलाय. रस्त्यानं निघाले तर बाजारापर्यंत चार जणं 'मॅडम' म्हणतेत. तिथं मी कोण? मंजूची आई, वरच्या मजल्यावरच्यांची."

दयानंदनं मान वळवली होती. तो तिच्याकडं बघत होता. तरी ती थांबली नाही. थांबायचं काही कारण नव्हतं.

"तुम्ही मान हलवलीत म्हणून मी हो म्हणले. मला विचारलं का कुनी? तुम्ही तरी विचारलं का?"

तिनं पदरानं तोंडावरचे तुषार पुसले. दयानंद उठला, त्यानं तिचा हात धरला आणि तिला वाटेवर थोडं मागं, एका मोठ्या खडकाच्या आड घेऊन आला. तिथं आवाज निम्मा होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "विचारायला पाहिजे होतं."

"काय?"

"लातूरचं."

सिंधू त्याच्याकडं बघत राहिली.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कुठनं येतंय? दिसलं." त्यानं आपल्या ओठांवर बोट ठेवलं. "कोळशाच्या इंजिनात उस्तादचं बोलणं कुनाला ऐकू यायचं? त्याच्या तोंडाकडं बघूनच नोकरी शिकलो. डिझेलवर पण तेच. कान मागनं गेले. हे आधीपासूनचंच हाय."

तिला डॉक्टरांनी काढलेला त्याच्या कानांचा आलेख आठवला, उजवीकडं खाली घसरत गेलेला. एवढी कमी श्रवणशक्ती असलेल्या माणसाला साधं बोलणं समजायला नको होतं, हे तिनं तेव्हाच ताडलं होतं. आणि आपल्या आवाजाची सवय असेल, असं म्हणून सोडून दिलं होतं. कोरोनाच्या वर्षी त्याला काहीच कळेनासं झालं. तेव्हा तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं, यंदा एकदम गेलं हो. त्या वर्षी घरातसुद्धा ती तोंडाला मास्क लावून बसायची. पुढच्या वर्षी त्याला परत थोडं समजू लागलं, त्याचं श्रेय तिनं औषधाला दिलं. शाळेतल्या पोरांनी असा निष्कर्ष काढला असता, तर तिनं वही परत केली असती.

"मग सांगितलं का न्हाईत कधी?"

"तू मोकळं बोलायचीस. मला कळतंय म्हणलं असतं, तर बंद झाली असतीस."

"सगळं कळायचं?"

"तोंड दिसलं तर."

ती जरा थांबली.

"तुमच्या बहिणीबद्दलचं... नीलाबाईचं पण?"

"ते तर लई येळा."

सिंधूला हसू आलं आणि ते लपवायला तिनं तोंड फिरवलं. फिरवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते. ती पुन्हा त्याच्याकडं वळली.

"मग मान का हलवलीत? तुम्हाला जायचंय का?"

खडकाच्या फटीत उगवलेलं नेचं त्यानं बोटानं सरळ केलं.

"हाव," तो म्हणाला. "मला जायचंय."

"का?"

"दारासमोरनं गाडी जाते. दिसते. कपबशी हादरते. आवाज येत न्हाई. सारखं तेच, दिवसभर." त्यानं हात झटकला. "तिथं न्हाई बसवत आता."

त्यांचं घर रुळांच्या कडेलाच होतं. संध्याकाळची गाडी यायची वेळ झाली की सिंधू त्याची खुर्ची ओसरीत आणून ठेवायची आणि चहाही तिथंच द्यायची. त्याला आवडतं म्हणून.

धबधब्याकडं परत न जाता दोघं उतरू लागले. या वेळी तो तिच्या मागून चालला नाही की पुढंही गेला नाही; वाट अरुंद होती तरी शेजारूनच, एक पाय गवतात टाकत चालला. खालून पोरांचा एक घोळका वर येत होता. कुणीतरी "काका, अजून किती लांब?" विचारलं आणि दयानंद म्हणाला, "कान फुटले की पोचलाव समजा." पोरं हसली.

ओढा ओलांडून टेकाडावर आल्यावर पिशवीत मोबाईल वाजला. मंजुश्री होती. फोन आला की सिंधू नेहमी चार पावलं लांब जायची, पाठ करून बोलायची. आज तिनं फोनचा स्पीकर लावला आणि दयानंदच्या समोर, उन्हाकडं तोंड करून उभी राहिली.

"आई, कुठं होतीस? मालक थांबलेत. सांगू ना त्यांना हो म्हणून?"

"मंजू, ऐक. मी माझं सांगते, बाबांचं बाबा सांगतील." ती सावकाश, एकेक शब्द नीट उघडून बोलत होती. "मला तिथं यायचं न्हाई. मुदखेड सोडायचं न्हाई मला."

सिंधूनं फोन दयानंदपुढं धरला.

"मंजू, मी बाबा," तो गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला. "मला यायचंय."

"म्हणजे?" मंजुश्रीचा आवाज चढला. "मग आता मी काय सांगू त्यांना? तुम्ही दोघांनी काय ठरवलंय?"

दयानंदनं सिंधूकडं पाहिलं. मुलीचा प्रश्न सिंधूनं, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्याला सांगितला.