जिराफाची जीभ

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. सुताराने रंधा मारून मला सरळ केले तेव्हा मला वाटले होते, आपले दार होईल, निदान कपाटाचा कप्पा तरी होईल. पण एका रंगाऱ्याने मला पिवळा रंग दिला, त्यावर तपकिरी ठिपके काढले, वर दोन कान चिकटवले आणि मी जिराफ झाले. जन्माने फळी, रंगाने जिराफ. सगळ्यात शेवटी त्याने माझ्या तोंडातून एक लाकडी जीभ बाहेर काढली आणि कोणाच्या डोक्याला टोचू नये म्हणून तिला खालून मऊ चामडे लावले. माझे सगळे आयुष्य त्या जिभेवर गेले.

एका मोठ्या थीम पार्कमध्ये मला उभे केले होते. माझ्या मागेच 'गरुड' होता. म्हणजे रुळांवरून वर चढणारी, उलटी होणारी आणि माणसांना ओरडायला लावणारी गाडी. गरुडात बसायचे तर आधी माझ्याजवळ यायचे. ज्याच्या डोक्याला माझी जीभ लागली, तो बसणार. जो जिभेखालून नुसताच निघून गेला, त्याने पुढच्या वर्षी यायचे. नियम एवढाच होता, पण त्यावर काय काय युक्त्या चालत! कोणी टाचा उचलत, कोणी बुटात कागद कोंबत, कोणी डोक्यावर उंच अंबाडा बांधून येत. गरुड चालवणारे टोपीवाले काका मात्र पक्के होते. ते अंबाडा हाताने दाबायचे आणि म्हणायचे, "जिराफाला केस खायला आवडत नाहीत."

लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे. मुले माझ्या जिभेला हात लावून हसायची. तरी खरे सांगते, मी स्वभावाने काळजी करणारी. गरुडातला लोखंडी दांडा मांड्यांवर घट्ट बसतो तो एका ठरावीक मापाच्या माणसासाठी. त्याहून लहान मूल असेल तर दांडा आणि मूल यांच्यात फट राहते. हे काका रोज नव्या मदतनिसांना समजावत आणि मी रोज ऐकत असे. गाडी वर चढली की ती परत खाली येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

मग एका पावसाळ्यात माझ्या पायाशी ओल झाली. फरशीवरून एक-दोन मुले घसरली. सफाईच्या बाईंनी चांगल्या मनाने एक जाड रबरी चटई आणून माझ्यासमोर घातली. सगळ्यांनी बाईंचे कौतुक केले. मुले घसरायची थांबली.

आणि त्या दिवसापासून सगळी मुले दोन बोटे उंच झाली.

आदल्या आठवड्यात माझ्या जिभेखालून निघून गेलेली पोरे आता येऊन डोके टेकवू लागली. "मुलं बघता बघता वाढतात हो," आईबाप एकमेकांना सांगायचे. काकाही हसून त्यांना आत सोडायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास होता ना! पायाखाली बघायचे कोणाच्या मनातही आले नाही. मला कळत होते. पण माझी जीभ नुसती दाखवायची. ओरडून सांगावे तर लाकडाच्या घशातून आवाज कुठून येणार? कोणी बारीकसे मूल हसत हसत आत गेले की मी मनातल्या मनात देवाचा धावा करायचे. दिवस चांगले होते म्हणून निभावले.

अशाच एका दुपारी एक कुटुंब आले. बाबा पाव भाजण्याच्या भट्टीवर कामाला होते. त्यांच्या मनगटांवर चटक्यांचे डाग होते. आई दवाखान्यात परिचारिका होती आणि सवयीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघून कोण दमले ते ओळखत होती. दोन मुली होत्या. थोरली उंच होती, तिला सगळे ताई म्हणत. धाकटी वर्गात सगळ्यात बुटकी, प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. तिला घरात मुंगी म्हणत.

मुंगीला मी ओळखले. मागच्या वर्षी ती माझ्या जिभेखालून गेली होती आणि मग ताईला एकटीला अनोळखी माणसाशेजारी बसून वर जाताना बघत राहिली होती. आज ती आली ती थेट माझ्याकडे. काका जेवायला गेले होते, गरुड थांबलेला होता. ती चटईवर उभी राहिली, पाठ मला टेकवली, आणि माझी जीभ तिच्या डोक्याला लागली.

"लागली," ती हळूच म्हणाली. जरा हलले तर उंची निघून जाईल अशा भीतीने ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.

मग आईबाबांची चर्चा सुरू झाली. तिकीटखिडकी माझ्या शेजारीच असल्यामुळे असल्या चर्चा ऐकून माझे कान किटले होते. वर्षाचा पास घ्यावा की नाही? आज पार्क बंद होण्याआधी घेतला तर आजच्या तिकिटाचे पैसे त्यात वळते होणार होते. उद्या नाही.

"चारदा आलो तरी वसूल होतो," बाबा म्हणाले.

"येणार कधी? तुमची सुट्टी बुधवारी, माझी जिकडे ढकलतील तिकडे. आजचा दिवस जुळवताना किती जणींच्या विनवण्या केल्या मी."

"अगं, म्हणूनच. पास असला की यावंच लागेल. नाहीतर आपण चौघं एका ठिकाणी दिसतो कधी? मी उठतो तेव्हा त्या झोपलेल्या, मी झोपतो तेव्हा त्या शाळेत."

आईने मुंगीकडे पाहिले. मग म्हणाली, "मुंगीला गरुडात घेत असतील तरच. नाहीतर एक वर जाणार आणि एक खाली डोळे पुसत बसणार. वर्षभर ते बघायला मी पैसे देणार नाही."

"लागली ना जीभ. आपण बघितलं की."

"मग घ्या," आई म्हणाली. बाबा लगबगीने रांगेत जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! आजवरची मुले एकदा बसून घरी जायची. ही पोर तर वर्षभर येणार, पुन्हा पुन्हा बसणार. आणि तिच्या पायाखाली काय आहे ते मला ठाऊक होते.

मुंगी माझ्याजवळच घुटमळत होती. तिच्या केसातली पिन निसटली आणि चटईच्या कडेखाली गेली. तिने चटईचे टोक उचलून मागे दुमडले आणि पिन काढली. मग मोकळ्या फरशीवर उभी राहून ती पिन केसात लावू लागली. तिची पाठ सहज मला टेकली. तिने हात वर नेला. माझी जीभ तिच्या डोक्याला लागलेली नव्हती.

तिने मान ताठ केली. तरी नाही. चटई सरळ करून ती वर उभी राहिली. लागली. पुन्हा दुमडली. नाही लागली.

ती खाली बसली आणि चटईवरून हात फिरवू लागली. तिचा चेहरा एवढासा झाला होता. तेवढ्यात ताई आली. मुंगीने तिला सगळे करून दाखवले.

"गप्प बस," ताई दबक्या आवाजात म्हणाली. "दोन बोटांनी काय होतंय? दर वेळी कोणीतरी अनोळखी काका येऊन शेजारी बसतात आणि मी घाबरले तर हसतात. मला तू हवी आहेस."

मुंगीने चटई नीट सरळ केली, पायाने दाबलीसुद्धा. रांगेत बाबांच्या पुढे एकच माणूस उरला होता. त्यांनी वळून मुलींना हात केला. मुंगीनेही हात केला. माझ्यात जीव असता तर मी तिच्या पायावर आडवी पडले असते. झाले, मला वाटले. पोर आहे, तिने तरी का सांगावे?

पण ती उठली. तिने आईचा हात धरला आणि ओढत तिला माझ्यापाशी आणले. चटई दुमडली आणि फरशीवर उभी राहिली.

"बघ," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

आईने तिच्या डोक्यावर आडवा हात ठेवला. तो जिभेखालून सहज आत गेला. आईने तो काढलाच नाही. मग ती वळून म्हणाली, "अहो, रांगेतून बाहेर या."

"अगं, नंबर आलाय माझा."

"आला असू दे. या."

काका जेवून आले तेव्हा आईने त्यांना चटई दाखवली. त्यांनी ती उचलून हातात घेतली, तिची जाडी चिमटीत धरली आणि मटकन माझ्या पायाशी बसले. "परवा एक पोरगं उतरल्यावर म्हणालं, काका, मी सीटवरून उडत होतो. मला वाटलं, मजेत सांगतोय," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यानंतर त्या दिवशी गरुड सुरू झाला नाही.

लोक चिडले. मला खोटारडा जिराफ म्हणाले. एकाने तर माझ्या कानावर चापट मारली, तो कान अजून हलतो. कोणाला काही झाले नव्हते, यातच मी सुख मानले. त्या कुटुंबाने पास घेतला नाही. जाताना ताई मुंगीशी बोलत नव्हती. पण फाटकापाशी गर्दी झाली तेव्हा तिने मुंगीचा हात धरलेला मी पाहिला.

पुढच्या वर्षी ती चौघे परत आली. मुंगीने आधी खाली पाहिले. फरशी पायाने झाडली, बूट काढून बाजूला ठेवले, मग पाठ टेकवली. आईने आडवा हात पुढे केला. तो आत गेला नाही.

"मग? घ्यायचा पास?" आईने विचारले. बाबा तर आधीच रांगेत होते.

"थांबा. आधी बसून येते," मुंगी म्हणाली.

दोघी बहिणी बसल्या. गरुड वर चढला तेव्हा आईने माझी कड घट्ट धरली होती. आम्ही दोघींनी मिळून तो वेळ काढला. मुंगी खाली आली ती ताईच्या दंडाला चिकटूनच. केस उभे, ओठ पांढरे.

"कसं वाटलं?"

"छान," मुंगी म्हणाली. जरा दम घेतला. "पण वर्षभर नको. वर्षातून एकदा पुरे."

"म्हणजे मी परत बाहेर येऊ?" बाबांनी रांगेतून विचारले. आई इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

आता माझ्या जागी लाल दिवा लागणारे यंत्र आले आहे. मी कोठीत मोडक्या खुर्च्यांमागे उभी असते. माझे ठिपके उडाले आहेत, जिभेचे चामडे उंदरांनी खाल्ले आहे. ती रबरी चटई गुंडाळून माझ्या शेजारीच ठेवली आहे. तिच्यावर माझा राग नाही. ती कोणी पडू नये म्हणूनच आली होती. काका अधूनमधून येतात, आमच्या दोघींवरची धूळ झटकतात आणि जातात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे तर सगळेच सांगतात. मी एवढेच मागते, की त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उंची मोजण्याआधी पायाखाली बघत जा. आणि काही चुकलेले दिसले, तर ते सांगताना आपले नुकसान होत असले तरी सांगा. मला एवढी लांब जीभ होती, पण मला ते जमले नाही. मुंगीला जमले.