लाईट गेल्यावर बोलणारा देव

सकाळचे अकरा वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि मंडप गच्च भरला होता. बायका पुढे, बाप्ये मागे, आणि सगळ्यांची नजर वर, आढ्याला लटकलेल्या बल्बकडे. देवळात येऊन देवाकडे पाठ फिरवल्यासारखे बल्बकडे बघणारे लोक मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

बल्ब विझला.

"गेली! गेली!" मंडपात आनंदाची लाट उठली. २००९ साली आमच्या हिंगोली जिल्ह्यात लाईट गेल्यावर खूश होणारं एवढं एकच ठिकाण असावं. वीजकपातीचं वेळापत्रक बदललं की इथली आरतीची वेळही बदलायची.

सोनाजी उठला. हा अबोल महाराजांचा पट्टशिष्य. अंगात भगवी बंडी, आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा.

"माय-बाप हो, तपासा! खुशाल तपासा! देवाच्या मागं-पुढं हात फिरवा. वायर हाय का?"

"न्हाई!" गर्दी ओरडली.

"लाईट हाय का?"

"न्हाई!"

"महाराजांचं बारा वर्षांचं मौन. त्यांचं तोंड उघडतं का?"

"न्हाई!"

"मंग बोलतंय कोण?"

"देव!"

चौथऱ्यावर शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे नाक-डोळे नसलेला गोल दगडी देव होता. त्याच्या शेजारी एक खोली, तिच्या दाराला पडदा. पडद्याच्या आत अबोल महाराज समाधीत बसायचे. दर्शनापुरते त्यांचे दोन पाय तेवढे पडद्याबाहेर यायचे आणि लोक त्या पायांवर डोकं ठेवायचे. हात काय करत असतील, असा प्रश्न कोणाला पडला नाही.

दोन मिनिटं सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मग तांदळ्यातून आवाज आला, "टिंग-टुंग."

"घुंगरू! घुंगरू वाजलं!" बायकांनी हात जोडले.

"मी जागा हाय," तांदळा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "इचारा."

मी मागे खांबाला टेकून उभा होतो. ते घुंगरू मी ओळखलं. ते बिनवायरच्या ब्लूटूथ स्पीकरचं घुंगरू होतं. कॉम्प्युटरशी जोडला गेला की तो स्पीकर तसा वाजतो. आणि लाईट गेल्यावर त्याला आपोआप जोडणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिलेली होती.

माझं नाव विजयकुमार. तेव्हा मी हिंगोलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. पुसेगावपासून सायकलवर अर्ध्या तासावर माझं गाव, आणि हे देऊळ त्याच गावातलं. तीन महिन्यांपूर्वी हाच सोनाजी क्लासवर आला होता. "सर, आश्रमात भजनासाठी बिनवायरचा स्पीकर आणला. पण लाईट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर जाता जाता बंद होऊन पुन्हा चालू होतो अन् स्पीकर तुटतो. दर खेपेला हातानं जोडावा लागते. काही इलाज?"

त्यांचा कॉम्प्युटर जुना होता. मी त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली आणि वर अठरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. काम साधंच होतं. कॉम्प्युटर सुरू झाला की ती आपली आपण सुरू व्हायची आणि दर दहा सेकंदांनी बघायची, स्पीकर जोडलेला आहे का? नसेल तर जोड, आणि जोडला गेला की सुरुवातीच्या आवाजाची फाईल वाजव. हाताने काही करायला नको. स्पीकरला स्वतःची बॅटरी, कॉम्प्युटरला इन्व्हर्टर. गावात लाईट नसली तरी दोन मिनिटांत सगळं जागेवर.

आणि इथेच आमचे लोक फसले. ज्या गावात चौदा-चौदा तास लाईट नसते, तिथे लाईटशिवाय चालेल ते मशीन नव्हेच, अशी सगळ्यांची खात्री. जे लाईट गेल्यावर चालतं ते देवाचं. यात त्यांची चूक धरायची तरी कशी? त्यांचा अनुभव तसाच होता. माझी गोष्ट वेगळी. मला सगळं माहीत होतं.

आता सांगायला लाज वाटते ते सांगतो. तांदळा बोलला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की वा, बरोब्बर दोन मिनिटांत जोडला गेला! मी खूश झालो. माझी स्क्रिप्ट इतकी बिनचूक चालताना मी कधी बघितली नव्हती. मग थोडं हसू आलं. हसत हसत मी घरी जेवायला गेलो.

पुढच्या रविवारी सोनाजीने मंडपात मला नारळ-टोपी दिली. "हिंगोलीचे मोठे कॉम्प्युटर सरसुद्धा देवाला मानतात!" तो म्हणाला. माझी आई द्वारकाबाई पदराने डोळे पुसत होती. मी टोपी घालून घेतली.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात करुणा नावाच्या सिस्टर होत्या. त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. "सर, एक इचारू? वायर न्हाई, लाईट न्हाई, तरी आवाज काढता येतो का? लाईट गेल्यावर बराबर दोन मिनिटांनीच बोलतो. देवाला दोन मिनिटं कशाला लागतात?"

शंभर नंबरी प्रश्न होता. माझ्या क्लासमधल्या एकाही मुलाने इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

"तसलं काही नसतं सिस्टर," मी म्हणालो.

बाजूला उभा असलेला एक जण म्हणाला, "यांच्या घरात बुद्धाचा फोटो. यांना आमचा देव काहून पटल?" सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी घड्याळाकडे बघितलं आणि निघालो.

तो तांदळा कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेल्या सहा वाक्यांचा धनी होता. म्हैस आटो नाहीतर पोरगं नापास होवो, सहातलंच एक वाक्य यायचं. आजाऱ्यासाठी ठरलेलं वाक्य होतं, "औषध सोड, अंगारा घे." ते वाक्य माझ्या जमनामावशीलाही मिळालं.

मावशीला टीबी होता. सिस्टरांसमोर बसून दिवसाआड गोळ्या, अशा सहा महिने घ्यायच्या होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं. अशा वेळी गोळ्या सोडल्या तर रोग दुप्पट जोराने उलटतो, हे सिस्टर घसा फोडून सांगत होत्या. पण गोळ्यांनी आलेली ताकद देवाच्या खात्यावर जमा झाली आणि मावशीने गोळ्या सोडल्या. मला कळलं ते अडीच महिन्यांनी, तिच्या खोकल्यात रक्त पडलं तेव्हा.

मी तिच्या घरी गेलो. माझी आई शेतात जायची तेव्हा मला याच मावशीने सांभाळलं होतं. आता ती भिंतीला टेकून बसली होती, खांद्याची हाडं वर आलेली.

"मावशी, गोळ्या घे."

"देवानं नगं म्हणलं, बाबा."

"तो देव न्हाई."

"असं बोलू न्हाई. तूच तर तिथं टोपी घालून बसला व्हतास."

मी तसाच उपकेंद्रात गेलो आणि करुणा सिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं.

मी म्हणालो, "एक सोपा उपाय हाय. कॉम्प्युटरमधलं वाक्य बदलतो. देवच म्हणल, गोळ्या घ्या. एका दिवसात समदे घेतील."

"अन् परवा महाराज पुन्हा बदलतील, तवा?" सिस्टर म्हणाल्या. "खोट्या देवाच्या तोंडून खरं बोललात तरी लोक देवाचंच ऐकतील, तुमचं न्हाई. तुमच्या नावानं बोला. सर, माझ्या तोंडावर तुमी खोटं बोललात. आता समद्यांसमोर खरं बोलून दाखवा."

शनिवारी मी सोनाजीला म्हटलं, कॉम्प्युटरची सर्व्हिस करायचीय. तो चहा सांगायला गेला तेवढ्यात सुरुवातीच्या आवाजाची 'मी जागा हाय' ही फाईल काढून तिथे माझ्या आवाजातली टाकली.

रविवारी मावशीला बाजेवर घालून मंडपात आणलं. लाईट गेली. वायर न्हाई, लाईट न्हाई, सगळं झालं. "मंग बोलतंय कोण?" सोनाजी गरजला.

"देव!"

दोन मिनिटं गेली. टिंग-टुंग.

"बोलतंय मी," तांदळा माझ्या आवाजात म्हणाला. "द्वारकाबाईचा पोरगा विजयकुमार. ह्यो देव न्हाई, स्पीकर हाय. जोडणारी स्क्रिप्ट मी लिहिली. जमनामावशी, गोळ्या घे."

पडद्याबाहेरचे पाय झटकन आत गेले.

"देवाचा आवाज चोरला यानं!" सोनाजी धावून आला. मी चौथऱ्यावर चढलो. तांदळ्याच्या बुडाशी शेंदूर फासलेली जाळी होती, ती ओढली आणि आतून जेवणाच्या डब्याएवढा स्पीकर बाहेर काढला. तिकडे सिस्टरांनी पडदा सारला. महाराज कॉम्प्युटरची बटणं बडवत होते. सहा बटणांपलीकडे त्यांना काही येत नव्हतं. बारा वर्षांचं मौन मोडून ते म्हणाले, "सोनाजी, हे बंद कसं करतात रे?"

तोच घोगरा आवाज. तो साऱ्या गावाने ओळखला.

मी स्पीकर उंच धरून रस्त्याकडे चालत गेलो. चाळीसेक पावलांवर तो मुका झाला. परत आलो, थोडा थांबलो. टिंग-टुंग. "बोलतंय मी, द्वारकाबाईचा पोरगा..." पुन्हा गेलो, पुन्हा आलो. माझी स्क्रिप्ट इमाने इतबारे प्रत्येक वेळी स्पीकर जोडत होती आणि माझं नाव सांगत होती. तिसऱ्या खेपेला मंडपात कोणी हात जोडले नाहीत. माझी आई खाली मान घालून बसली होती.

मी स्पीकर मावशीच्या मांडीवर ठेवला. तिने तो उलटून पालटून बघितला.

"तुला ठाव व्हतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं रे?"

मावशीने स्पीकर बाजूला सारला आणि म्हणाली, "सिस्टर, आज गोळी मिळल का?"

महाराज आणि सोनाजी त्याच दुपारी पसार झाले. मावशीचं औषध पहिल्यापासून सुरू झालं. आठ महिने, त्यात पहिले दोन महिने दिवसाआड इंजेक्शन. ती वाचली, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं. विहिरीपासून घरापर्यंत येताना आता ती तीनदा थांबते.

वाचकहो, चमत्कार दिसला की करुणा सिस्टरांसारखं विचारा. किती वेळ लागतो? पडद्याआड कोण आहे? उचलून लांब नेलं तर काय होतं? विचारल्याने खरा देव रागावणार नाही, आणि जो रागावतो त्याचा पडदा आधी सारा. ज्यांना माहीत नाही त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांना माहीत आहे आणि जे टोपी घालून गप्प बसतात, त्यांना हात जोडून सांगतो, पहिल्याच दिवशी बोला.

मावशी आजही मला जेवू घालते. पूर्वी ताट वाढताना शेजारणींना सांगायची, "आमच्या विज्याला कॉम्प्युटरमधलं समदं कळतं." आता फक्त ताट वाढते.