कांबुरोव सरांचा शेरा

मित्रांनो, मी एक जुने प्रगतिपुस्तक आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही.

प्लोवदिवच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. निळे पुठ्ठे, आत गुणांचे रकाने, खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. सातवीतल्या राद्काच्या वाट्याला मी आले. गणितात तिला नेहमी सहा मिळत. आमच्या बल्गेरियात सहा म्हणजे सर्वोत्तम आणि दोन म्हणजे नापास.

एकदा तपासनीस वर्गात बसले असताना राद्का फळ्याकडे बघून म्हणाली, "सर, वजाचं चिन्ह राहिलं." तपासनीस हसले. गणिताचे कांबुरोव सर हसले नाहीत.

पुढच्या चाचणीत तिची पाचही उत्तरे बरोबर होती. सरांनी भर वर्गात पाचही उत्तरांवर काट मारली, माझ्यात 'दोन' लिहिले आणि शेजारी शेरा दिला : 'गणिताचे डोके नाही. शिवणकामाला घालावे.'

"बाबा, उत्तरं बरोबर आहेत हो!" राद्का रडत सांगत होती.

तिचे वडील स्तामेन मधमाश्या पाळत. "मास्तर खोटं कशाला लिहितील, पोरी?" असे म्हणून त्यांनी सही केली. मला ओरडावेसे वाटले, पण कागदाला तोंड कुठे?

राद्का नऊ वर्षे कारखान्यात कॉलर शिवत राहिली. ती चाचणी तिने घडी करून माझ्यातच ठेवली होती. कामावरून सुटली की ती शिकायला जाई. शेवटी ती गणिताची शिक्षिका झाली, आणि पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका.

कांबुरोव सरांच्या निरोप समारंभात टेबलावर चीज भरलेला गरम बानित्सा होता, फुले होती. राद्काबाईंनी मला पर्समधून काढले आणि चाचणी सरांपुढे ठेवली.

"सर, जाता जाता एवढी तपासून द्या."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"तेव्हाही सगळ्यांसमोरच तपासली होतीत."

ते खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले आणि गणिते पुन्हा सोडवू लागले. पाचही उत्तरे तिचीच निघाली. "चूक माझी होती," ते पुटपुटले.

"तोंडी नको. लेखी द्या."

त्यांनी माझ्यातला 'दोन' खोडून 'सहा' लिहिले. त्यांच्या बोटांचा घाम मला लागला, आणि खरे सांगते, तो मला गोड वाटला.

"पुरे आता, राद्का," कुणीतरी हळूच म्हणाले. मला पुरे वाटले नव्हते. बाईंनाही नसावे. त्यांनी सरांच्या हातात बानित्साचा तुकडा दिला, स्वतः मात्र खाल्ला नाही.

मित्रांनो, आमची पाने जपा. पण तुमच्याबद्दल आमच्यात खोटे लिहिले असेल, तर घरी सही घेऊन गप्प बसू नका. आम्हाला परत शाळेत न्या आणि विचारा, "सर, कुठे चुकलं ते दाखवा." त्याच आठवड्यात विचारा. राद्काला विचारायला सव्वीस वर्षे लागली.