मंडळीची झोप

मला मंडळी दोन. एक घरातली, एक चर्चमधली. पहिली इस्पितळात नर्स आहे. साथीच्या वॉर्डात रात्रपाळी करून सकाळी घरी येते. दुसरीला, साथीमुळे चर्चला कुलूप लागल्यापासून, काही कामच उरलं नव्हतं. म्हणून दुसरीने पहिलीचे आभार मानायचं ठरवलं.

रोज अकरा वाजता, आमच्या खिडकीखाली, सहा-सहा फुटांवर उभं राहून. दोन गीतं, एक प्रार्थना, मग टाळ्या. नुसत्या टाळ्यांनी भागत नाही म्हणून खजिनदार मावशी पातेलं बडवायच्या. साडेदहाला कुठे अंथरुणाला पाठ टेकलेली माझी मंडळी डोक्यावर उशी दाबून म्हणायची, "देवा, यांना तूच क्षमा कर. मला जमणार नाही."

पाचव्या सकाळी ती चपला न काढताच दारात बसली.

"आज एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला टोचणार होते. सुई दंडापर्यंत गेली होती. तोच म्हणाला, 'सिस्टर, मी सात नंबर. नऊ नंबर पलीकडे.'"

"मग?"

"मग काय? बोलता येत होतं म्हणून वाचला. नऊ नंबरला बोलताही येत नाही."

मी तडक चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावला.

"साहेब, उपकारस्तुती आवरा."

"अहो, देवाची स्तुती कशी आवरणार?"

"देवाची चालू द्या. देव झोपत नाही, तुम्हीच शिकवलंत. आमची ही झोपते. म्हणजे, झोपायची."

"लोकांना काहीतरी करावंसं वाटतं हो!"

"मग काही न करता करा."

पाळकसाहेब विचार करत होते, किंवा नेटवर्क गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला बघतो तर मंडळी हजर. मास्क लावून, माना खाली, तोंडं बंद. मावशींनी पातेलं आणलं होतंच, पण टॉवेलात गुंडाळून. एक हातगाडी खडखडत आली, तर चौघांनी ती उचलून कोपऱ्यापलीकडे नेऊन ठेवली. सहा फुटांचा नियम तेवढा मोडला.

एवढी शांतता ऐकून ही दचकून उठली. खिडकीशी येऊन तिने माझा हात घट्ट धरला.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझे आभार मानताहेत."

"असे?"

"असे."

ती खिडकीतल्या खुर्चीत बसली, काचेला कपाळ टेकलं. हात हलवायचा विचार असावा. तो अर्ध्यावरच राहिला. झोप लागली.

खाली कोणी जागचं हलेना. पावलं वाजली असती ना! मीही मान खाली घातली. सात नंबरबद्दल आभार मानले, नऊ नंबरसाठी मागणं मागितलं. साडेचारला तिचा गजर वाजला, तेव्हाच सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं.

पाळकसाहेबांच्या उपासनेत मंडळी झोपते, ही जुनीच तक्रार. त्या दिवशी पाच-साडेपाच तास एक मंडळी झोपली आणि दुसरी, मी साक्षीला आहे, जागी होती.