इंजिनाचा ठेका

डोणगावच्या महादेवरावांच्या पिठाच्या गिरणीत एकोणसत्तर साली तिघा पोरांनी बँड काढला. लग्नातला नव्हे. महादेवरावांचा धाकटा हिंमत नागपुराहून विजेवरची जुनी गिटार घेऊन आला होता. ती तो लाऊडस्पीकरच्या भोंग्याला जोडायचा. पुंजाजी ड्रम बडवायचा, किसन गायचा. गाणी हिंमतनेच जुळवलेली; त्यात सिनेमाचं एक नाही की भजन नाही. गावात कुठंही वाजवलं की लोक हाकलायचे. गिरणीतल्या तेलाच्या इंजिनापुढे मात्र भोंगाही फिका, म्हणून दळणं चालू असताना तिथंच तालीम व्हायची.

महादेवरावांची अट एकच. "गणपतीत एक बार वाजवून दाखव. जमलं तं वाजव जलमभर. नाही जमलं तं गिटार इकाची अन् गिरणीवर बसाचं."

"हाव," हिंमत म्हणाला.

गणपतीच्या मांडवात सारं गाव लोटलं. पहिल्याच गाण्यात पुंजाजीचा हात पुढं पळाला, किसन मागं राहिला, आणि हिंमत मधेच उभा, एस्टी चुकल्यासारखा. तेव्हा त्याला उमगलं: इतके महिने ठेका इंजिनानं धरला होता, तिघांपैकी कुणीच नाही. मांडवात इंजिन नव्हतं.

"काऊन बे, दळन जाडं पडून राह्यलं का?" मागून कुणी विचारलं. मांडव हसला. दुसरं गाणं झालंच नाही.

आठवड्यानं मेहकरचा लाऊडस्पीकरवाला नारायणराव गिटार न्यायला आला. गिरणीत सोजराबाईची ज्वारी पडत होती. पुंजाजी अन् किसन निरोप द्यायला आले होते. हिंमतनं गिटार पुसता पुसता तारा छेडल्या. इंजिन आपल्या चालीनं चाललं होतं. पुंजाजी ड्रमपाशी बसला. किसननं सूर लावला,

टेकडीपल्याड दिवा, त्याले तेल कोन घाले,
वाट नाही ठावी तरी माहं मन पुढं चाले.

सोजराबाई डबा धरून डोलू लागली. दळण संपलं. महादेवरावांनी जात्याचा पट्टा उतरवला. त्यांनी इंजिन रिकामं कधी चालू दिलं नव्हतं. आता ते इंजिन बंद करतील म्हणून हिंमतची बोटं थबकली.

"वाजव," महादेवराव म्हणाले. "तेल हाय अजून."

गाणं शेवटपर्यंत झालं. नारायणरावनं गिटार चादरीत गुंडाळून सायकलला बांधली. इंजिन चालूच होतं. हिंमतनं पट्टा पुन्हा चढवला आणि पुढचा डबा ओतला.