तिसरी ओळ

"कापडाला हात लावलास तर कात्री फेकून मारीन," मी दादाला म्हटलं. तरी त्यानं माझ्या टेबलावरचे शाळेच्या गणवेशांचे बेतलेले तुकडे गोळा करून कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलेच. पुढचे कुठले, पाठीचे कुठले, सगळा काला. सकाळपासून खपून लावून ठेवले होते मी ते.

"अगं, त्या बाई येतील आत्ता. कागद पसरायला जागा नको?"

"जमिनीवर पसर की! तुझे दगड जन्मभर जमिनीवरच लोळले ना?"

तो हसला. त्याचं हेच माझ्या डोक्यात जातं. मी भांडायला पदर खोचून उभं राहावं आणि यानं हसावं. मग उरलेलं भांडण मी एकटीनं भांडायचं.

आम्हा बहीणभावांचंच घर. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं मशीन, मागच्या खोलीत त्याचे कागद. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो कारकून होता, पण ती नोकरी नुसती पोटासाठी. जीव सगळा शिलालेखांत. सुट्टी लागली की ब्रश, शाई आणि कागदांची गुंडाळी घेऊन निघाला. समुद्रापासून डोंगरावर येणाऱ्या जुन्या वाटेनं भटकायचा आणि विहिरींवर, झुडपांत, कुणाच्या गोठ्यात सापडलेल्या दगडांचे ठसे घेऊन यायचा. ओला कागद दगडावर ब्रशानं ठोकून बसवायचा आणि तो दमट असतानाच वरून शाईचा बोळा फिरवायचा. खोलगट अक्षरं पांढरी राहतात, बाकी सगळं काळं होतं. आमचं घरही त्यातच काळं झालं.

मला एकदा एका चांगल्या माणसानं मागणी घातली होती. दादानं त्याला बसवून घेतलं आणि त्याचे पूर्वज कुठून कुठल्या वाटेनं आले ते संध्याकाळभर समजावून सांगितलं. तो माणूस आला त्या वाटेनं जो गेला, तो गेलाच! गल्लीत सगळे दादाला दगड्या म्हणतात. मीही म्हणते, पण माझा तेवढा हक्क आहे.

त्याचं म्हणणं एकच होतं. या खोऱ्यात आधी वस्ती करणारी माणसं समुद्राकडून वर चालत आली. मोठमोठे विद्वान म्हणत की छे, ती इथूनच खाली गेली. दादाकडे पुरावा होता, एका पडक्या विहिरीवरच्या लेखाचा ठसा. पहिल्या दोन ओळींत विहीर कोणी बांधली ते होतं आणि तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'आम्ही समुद्राकडून आलो'. तो दगड पुढं रस्त्याच्या कामात फोडून खडी झाला. उरला तो दादाचा कागद. त्यानं किती जणांना पत्रं लिहिली! एकानंही उत्तर पाठवलं नाही मेल्यानं. आता विद्यापीठातल्या एक बाई याच विषयावर ग्रंथ लिहीत होत्या आणि त्यांतलंच एक पत्र हाती लागल्यानं ठसा बघायला स्वतः येत होत्या. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मान डोलावली की जन्माचं सार्थक, आणि नाही डोलावली तर हा नुसता दगड्या. मला हे कळत होतं, म्हणूनच मी सकाळपासून खेकसत होते.

बाई आल्या. मला त्या बघताक्षणीच आवडल्या नाहीत. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली.

"वेळ कमी आहे माझ्याकडे, काका. दाखवा."

दादानं कागद उलगडला. बाईंनी भिंग काढलं, वाकल्या, आणि तिसऱ्या ओळीवर त्यांचा हात थांबला. मग कागद उचलून खिडकीशी नेला, पाठीमागून बघितला, पुन्हा आणून ठेवला. वेळ कमी असलेल्या या बाईंनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"इतकी वर्षं घरात ठेवलंत हे?" त्यांचा आवाज बदलला होता.

"ठेवलं नाही हो. कोणी घेतलं नाही," मी म्हटलं.

"काका, माझं अख्खं प्रकरण या ओळीवर उभं राहील. तुमच्या नावानिशी छापू आपण." दादाचे कान लाल झाले. मला भरून आलं आणि त्याचाच राग येऊन मी मशीनचं चाक उगाच फिरवलं.

बाई पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "एक आपलं विचारायचं म्हणून विचारते, सगळ्यांनाच विचारते. ठसा घेण्याआधी दगड नुसता पाण्यानं धुतला होता ना?"

दादानं कागदाची गुंडाळी करायला घेतली होती, ती खाली ठेवली.

"पाण्यानंच हो!" मी म्हटलं. "दुसऱ्या कशानं धुणार?"

"नाही," दादा म्हणाला. "तू थांब जरा. तिसरी ओळ फार झिजलेली होती, बाई. कागद अक्षरं धरेना. मी खिळ्यानं ती कोरून घेतली."

"कोरून म्हणजे? दिसत होती तेवढीच ना?"

"दिसत होती ती. आणि जिथं असायला हवी असं वाटलं, तिथलीही."

"कुठली कुठली?"

"तेव्हा आठवत होतं. आता खात्री नाही. पोरसवदा होतो, घाई होती."

बाईंचा चेहरा उतरला आणि मग संतापला. "आणि हे तुम्ही एवढ्या पत्रांत एकदाही लिहिलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही."

"पहिल्या दोन ओळी घेता येतील, विहिरीची नोंद म्हणून. तिसरी नाही घेता येणार."

"बरोबर आहे तुमचं," दादा म्हणाला आणि त्यांना दारापर्यंत सोडून आला.

मग मी सुटले. "अरे, जीभ झडली असती का तुझी? मी हो म्हटलं होतं! नुसतं गप्प बसायचं होतं तुला! तो दगड काय खडीतून उठून सांगायला येणार होता?"

शेजारचा चष्मेवाला दारातून डोकावला. "काय दगड्या, लागला का आमच्या पूर्वजांचा पत्ता?"

"लागला! तुला इथं सोडून पळाले ते!" मी त्याच्या तोंडावर दार लावलं. दारालाच टेकून रडले थोडी. कोणासाठी ते मलाही नीट कळलं नाही.

वळून बघते तर दादा टेबलाशी बसला होता. माझी कापडावर खुणा करायची लाल पेन्सिल घेऊन तिसऱ्या ओळीतलं एकेक अक्षर तपासून काहींखाली रेघ ओढत होता.

"हे काय आता?"

"हे माझं," तो एका अक्षराखाली रेघ ओढून म्हणाला. "हे दगडाचं, नक्की, याला रेघ नको. हे माझं." पुढच्या अक्षराशी तो अडला. कागद तिरपा धरून बघितला, डोळे मिटले, पुन्हा बघितला. मग रेघेऐवजी प्रश्नचिन्ह काढलं.

"कोणासाठी करतोयस रे हे? कोण कुत्रं येणार आहे आता बघायला?"

"आलं कोणी, तर त्याला कळायला हवं."

'समुद्राकडून' या शब्दाशी आला तेव्हा त्यानं पेन्सिल घट्ट धरली. एकाखाली रेघ, दुसऱ्याखाली रेघ. तिसऱ्याला जोर जास्त झाला आणि टोक मोडलं. तो मोडक्या पेन्सिलीकडे बघत नुसता बसून राहिला.

"गाढव आहेस तू," मी म्हटलं. मग ब्लेडनं टोक काढलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.